कविता आधी कानाला कळते: लघु-गुरूपासून मुक्तछंदापर्यंत

3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला आणि तेव्हापासून मराठी कवितेविषयी पुन्हा उत्साहाने बोलले जाऊ लागले. 27 फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनी नागपुरातील शाळा-महाविद्यालयांत आणि वाचनालयांत नवोदितांचे कवितावाचन होते, तेव्हा लिहिणाऱ्यांची संख्या पाहून आनंद वाटतो. परंतु वाचन संपल्यावर हीच मुले आणि निवृत्तीनंतर लिहू लागलेली हीच मंडळी जवळ येऊन जे प्रश्न विचारतात, ते बहुधा सारखेच असतात. वृत्त म्हणजे नेमके काय, मात्रा कशा मोजायच्या, यमक जुळले म्हणजे कविता झाली का, आणि मुक्तछंदात लिहायचे असेल तर हे सारे शिकण्याची गरज तरी काय? शाळेत हा भाग व्याकरणाच्या शेवटच्या प्रकरणात, दोन गुणांच्या प्रश्नापुरता येऊन जातो, त्यामुळे त्याची भीती राहते आणि उपयोग कळत नाही. तो उपयोग येथे पायरीपायरीने सांगण्याचा प्रयत्न आहे. त्यासाठी लागणारे मुख्य साधन म्हणजे स्वतःचा कान.

मोजायचे ते काय

कोणतेही अक्षर उच्चारायला थोडा वेळ लागतो. ‘क’ म्हणायला जितका वेळ लागतो, त्याच्या सुमारे दुप्पट वेळ ‘का’ म्हणायला लागतो. कमी वेळाच्या अक्षराला लघू म्हणतात आणि त्याची एक मात्रा धरतात. जास्त वेळाच्या अक्षराला गुरू म्हणतात आणि त्याच्या दोन मात्रा धरतात. अ, इ, उ, ऋ हे ऱ्हस्व स्वर असलेली अक्षरे लघू, तर आ, ई, ऊ, ए, ऐ, ओ, औ असलेली अक्षरे गुरू होत. ज्या अक्षरावर उच्चारला जाणारा अनुस्वार किंवा विसर्ग आहे, तेही गुरू. सोयीसाठी लघूला ‘ल’ आणि गुरूला ‘गा’ म्हणतात.

दोन ठिकाणी मात्र नवशिका हमखास अडतो. पहिले ठिकाण म्हणजे जोडाक्षर. जोडाक्षराच्या आधीचे लघू अक्षर उच्चारताना त्याच्यावर आघात येत असेल तर ते गुरू होते. ‘सत्य’मधला ‘स’ म्हणून पाहा, जीभ त्याच्यावर थबकते. ‘तुम्ही’ किंवा ‘पुन्हा’ म्हणताना तसे होत नाही, ‘तु’ आणि ‘पु’ हलकेच सुटून जातात, म्हणून तेथे जोडाक्षर असूनही आधीचे अक्षर लघूच राहते. पुस्तकात हा नियम अपवादांसह दिलेला असतो, पण तो पाठ करण्यापेक्षा शब्द मोठ्याने उच्चारून आघात ऐकणे अधिक खात्रीचे आहे.

दुसरे ठिकाण अधिक फसवे आहे. बोलताना आपण ‘घर’ हा शब्द ‘घर्’ असा म्हणतो, शेवटचा अकार गिळतो. कविता मोजताना मात्र ‘घ’ आणि ‘र’ ही दोन पूर्ण अक्षरे धरली जातात आणि वृत्तात म्हणताना ती तशीच म्हटली जातात. नवोदितांच्या ओळी एखाद्या मात्रेने कमी-जास्त भरतात त्याचे एक मोठे कारण हेच, की लिहिताना कान बोलण्याच्या सवयीने ऐकत असतो आणि मोजताना डोळा कागदावरची अक्षरे पाहत असतो.

नाण्यांचे तीन हिशेब

मराठी पद्यरचनेचे तीन मुख्य प्रकार आहेत: अक्षरछंद, मात्रावृत्त आणि अक्षरगणवृत्त. नावे भारदस्त आहेत, म्हणून एक घरगुती उपमा घेऊ. लघू म्हणजे एक रुपयाचे नाणे आणि गुरू म्हणजे दोन रुपयांचे नाणे समजा. अक्षरछंदात नाणी किती, एवढेच मोजतात, त्यांची किंमत पाहत नाहीत. मात्रावृत्तात एकूण रक्कम किती, हे पाहतात, मग नाणी कितीही असोत. अक्षरगणवृत्तात कोणते नाणे कितव्या जागी ठेवायचे, हेसुद्धा ठरलेले असते.

अक्षरछंद आपल्या सर्वाधिक ओळखीचा आहे, कारण ओवी आणि अभंग त्यात येतात. थोरल्या अभंगाच्या पहिल्या तीन चरणांत सहा-सहा अक्षरे आणि चौथ्यात चार अक्षरे असतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचे यमक जुळते. काटोलच्या वाटेवरची संत्र्याची बाग डोळ्यांपुढे ठेवून हा नमुना रचला आहे:

संत्र्याच्या बागेत
दुपार थांबली,
सावली लांबली
वाटेवरी.

‘संत्र्याच्या’ या शब्दात तीन गुरू आहेत आणि ‘दुपार’मध्ये एकच, तरी दोन्ही शब्द तीन-तीन अक्षरांचे म्हणूनच मोजले गेले. अभंग म्हणताना लघू अक्षरेही लांबवून म्हटली जातात, त्यामुळे ही किंमत न पाहण्याची मुभा कानाला खटकत नाही. शिकणाऱ्याने येथूनच सुरुवात करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. जात्यावरच्या ओवीला लेखणी लागली नाही, तरी तिने पिढ्यान्‌पिढ्या लय सांभाळली, आणि ती लय आपल्यापैकी अनेकांच्या कानांत आजी-आईच्या आवाजात आधीच साठलेली असते.

मात्रावृत्तासाठी या दोन ओळी पाहा:

झाडाखाली बसली आजी,
निवडत होती हिरवी भाजी.

पहिल्या ओळीत नऊ अक्षरे आहेत, दुसऱ्या ओळीत अकरा. तरीही दोन्ही ओळी एकाच ठेक्यावर म्हणता येतात, कारण दोन्हींच्या मात्रा सोळा आहेत. ‘झाडाखाली’ हे चार गुरू मिळून आठ मात्रा होतात आणि ‘निवडत होती’ हे चार लघू व दोन गुरू मिळूनही आठच होतात. दोन रुपयांचे नाणे मोडून एकेकाची दोन नाणी ठेवली, एवढाच फरक.

येथे एक धोका आहे. आता ही ओळ म्हणून पाहा: ‘घरी आजी निवडते भाजी’. मोजा, मात्रा सोळाच भरतील. तरीही ती अडखळते. मात्रावृत्तात एकूण रक्कम पुरेशी नसते. ती आठ-आठच्या गटांत विभागली जाते, आणि या ओळीत पहिल्या आठ मात्रा ‘निवडते’ या शब्दातल्या ‘नि’वर संपतात. टाळी जेथे पडायला हवी, तेथे शब्द मधूनच चिरला जातो. बोटांवर मोजणारा माणूस ही ओळ बरोबर ठरवतो आणि टाळी देत म्हणणारा माणूस ती लगेच नाकारतो. यासाठीच नवोदितांना मी सांगतो, की आधी ओळ हातावर ताल धरून म्हणा आणि नंतर मोजा. हा क्रम उलटा झाला की हिशेब जुळलेल्या, परंतु चालता न येणाऱ्या ओळी वहीत जमा होतात.

आठ गण आणि नागपूरचा नकाशा

तिसरा प्रकार अक्षरगणवृत्ताचा. यात तीन-तीन अक्षरांचे गट करतात आणि अशा एका गटाला गण म्हणतात. प्रत्येक जागी लघू किंवा गुरू अशा दोनच शक्यता असल्याने तीन जागांचे एकूण आठ गण होतात. ते लक्षात ठेवण्यासाठी ‘यमाताराजभानसलगा’ हे जुने सूत्र आहे. ज्या गणाचे रूप हवे, त्याच्या अक्षरापासून सलग तीन अक्षरे घ्यायची. ‘य’ गण म्हणजे य-मा-ता, अर्थात लगागा. ‘र’ गण म्हणजे रा-ज-भा, अर्थात गालगा.

सूत्र उत्तम आहे, पण मला ते परक्या शब्दांपेक्षा आपल्या गावाच्या नावांनी अधिक पक्के झाले. फुटाळा म्हणा, लगागा, हा य गण. धंतोली हा म गण, तीनही गुरू. काटोल गागाल, म्हणून त गण. गोधनी गालगा, म्हणून र गण. महाल लगाल, हा ज गण. सदर म्हणजे तीनही लघू, न गण. रमणा मारोतीतला ‘रमणा’ ललगा, म्हणून स गण. उरलेल्या भ गणासाठी पेंचच्या जंगलातला ‘सांबर’ घ्यावा, गालल. बसमधून जाताना दुकानांच्या पाट्या आणि थांब्यांची नावे अशी मनात म्हणत गेले, तर आठवड्याभरात लघु-गुरू ओळखण्यासाठी कागद लागत नाही.

अक्षरगणवृत्तांत नवशिक्याला सर्वांत जवळचे वृत्त म्हणजे भुजंगप्रयात. त्यात प्रत्येक चरणात य गण चार वेळा येतो: लगागा लगागा लगागा लगागा. समर्थ रामदासांचे मनाचे श्लोक याच वृत्तात आहेत, त्यामुळे ज्याने लहानपणी ते म्हटले आहेत, त्याला हे वृत्त नाव ठाऊक नसतानाही येत असते. ‘फुटाळा फुटाळा फुटाळा फुटाळा’ असे म्हटले, तरी चरण पूर्ण होतो. मी त्यात नागपूरच्या मे महिन्यावर या दोन ओळी केल्या:

उन्हाळ्यात सारे झळांनी जळाले,
कुणा पाखराला न पाणी मिळाले.

‘उन्हाळ्यात’मधला ‘उ’ जोडाक्षराच्या आधी असूनही लघूच राहिला आहे, कारण त्यावर आघात नाही. वृत्त बिनचूक आहे. ओळी मात्र चांगल्या नाहीत, आणि त्या का चांगल्या नाहीत, याकडे थोड्या वेळाने वळू.

मोजमापाने अर्थाला काय मिळते

एवढी मोजदाद कशासाठी, याचे उत्तर नागपूरहून तासा-दीड तासाच्या अंतरावर मिळते. रामटेकचा डोंगर हाच ‘मेघदूता’तला रामगिरी, अशी परंपरा आहे आणि तेथे कालिदासाचे स्मारकही उभे आहे. ते काव्य संस्कृतातले आहे, परंतु ज्या मंदाक्रांता वृत्तात ते आहे, ते मराठी कवींनीही वापरले आहे. या वृत्ताच्या एका चरणात सतरा अक्षरे असतात आणि चौथ्या व दहाव्या अक्षरानंतर क्षणभर थांबायचे असते. या थांब्याला यती म्हणतात. त्याचा साचा असा:

गागागागा, लललललगा, गालगागालगागा.

अर्थाचा एकही शब्द न घेता हा साचा मोठ्याने म्हणावा. सुरुवातीला चार जड पावले पडतात, मग पाच हलकी अक्षरे भरभर निघून जातात आणि शेवटी चाल पुन्हा झोके घेत संथ होते. पाण्याने जड झालेला ढग डोंगराला टेकावा, वाऱ्याने पुढे ढकलला जावा आणि मग रेंगाळत सरकावा, तशी ही गती आहे. विरहात थांबून राहिलेल्या यक्षाचे मन आणि निघालेला मेघ या दोघांनाही ती शोभते. वृत्त हे अर्थ भरण्याचे रिकामे भांडे असते, असा समज येथे गळून पडतो, कारण शब्द येण्यापूर्वीच या भांड्याने अर्धे सांगून टाकलेले असते.

यमक जुळले, मग कविता झाली का?

शेवटचे अक्षर आणि त्याच्या आधीच्या अक्षराचा स्वर, हे दोन्ही जुळले की यमक कानाला पुरते जाणवते. पाणी आणि निशाणी जुळतात. पाणी आणि कोणी यांत फक्त ‘णी’ सारखा आहे, म्हणून ते यमक लंगडे वाटते.

मराठीत यमक जुळवणे सोपे आहे आणि तीच अडचण आहे. आपल्या वाक्यात क्रियापद बहुधा शेवटी येते आणि एका काळातली क्रियापदे एकाच प्रत्ययाने संपतात, त्यामुळे आला, गेला, झाला, मेला ही रांग न मागता हजर होते. वरच्या अभंगातली ‘थांबली’ आणि ‘लांबली’ ही जोडीही याच सोयीतून आलेली आहे. दोन वेगळ्या जातींचे शब्द, म्हणजे एक नाम आणि एक क्रियापद, किंवा एक परिचित शब्द आणि एक अनपेक्षित शब्द जुळले, की वाचक थोडा जागा होतो. ‘पाणी’ लिहिताच गाणी, राणी आणि कहाणी या तिघी दाराशी उभ्या राहतात. त्यांतल्या राणीचा कवितेशी काही संबंध नसेल, तर तिला आत घेऊ नये, एवढा निग्रह नवोदिताने करावा.

गझलेत यमकाची ही शिस्त आणखी कडक होते. तिथे जुळणाऱ्या शब्दाला काफिया म्हणतात आणि त्याच्यानंतर जसाच्या तसा पुन्हा येणाऱ्या शब्दाला किंवा शब्दसमूहाला रदीफ. ‘पाणी आहे’ आणि ‘निशाणी आहे’ यांत पाणी-निशाणी हे काफिये आणि ‘आहे’ हा रदीफ. अमरावतीत जन्मलेले आणि नागपुरात ज्यांचे निधन झाले, त्या सुरेश भटांनी नवोदितांसाठी ‘गझलेची बाराखडी’ लिहिली. गझलेकडे वळणाऱ्याने तिच्यापासूनच आरंभ करावा.

नियमांत भावना गुदमरत नाही का?

हा आक्षेप सर्वाधिक वेळा घेतला जातो आणि तो खोटा नाही. माझ्या वरच्या दोन ओळींतच भावना गुदमरलेली आहे. ‘न पाणी मिळाले’ असे कोणीही बोलत नाही. ‘पाणी मिळाले नाही’ असे म्हणतात. वृत्तात बसावे म्हणून मी वाक्य मोडले. ‘उन्हाळ्यात सारे झळांनी जळाले’ हे विधान तर कोणीही, कुठेही, काहीही न पाहता लिहू शकतो.

यावर नवोदित बहुधा दोनच मार्ग पाहतो: ओळ तशीच ठेवणे किंवा वृत्त सोडून देणे. तिसरा मार्ग कष्टाचा आहे, पण कवितेचे खरे शिक्षण त्यातच होते. तो म्हणजे वृत्त तेच ठेवून पुन्हा पाहणे. उन्हाळ्याबद्दल सर्वसाधारण बोलण्यापेक्षा एखाद्या गच्चीवर नेमके काय दिसले, ते आठवणे. मी तसे केले, तेव्हा हे लिहिले गेले:

कुणी पाखरांना दिले आज पाणी,
कडेने पडे पावलांची निशाणी.

वृत्त तेच, लगागा चार वेळा. पहिली ओळ आता बोलल्यासारखी येते. ‘आज’ हा शब्द मात्रा भरण्यासाठी घातला आहे का, असे मी स्वतःला विचारले, कारण ‘आज’, ‘खास’, ‘जरा’, ‘पुन्हा’ हे शब्द नेहमी भरतीसाठी येतात. पण तो काढला तर काल पाणी नव्हते, ही सूचनाही जाते, म्हणून ठेवला. दुसऱ्या ओळीत ऊन, तहान, दया यांपैकी कोणताच शब्द नाही. तापलेल्या फरशीवर पक्ष्याचे ओले पाऊल उमटते आणि क्षणात वाळते, हे ज्याने पाहिले आहे, त्याला तेवढे पुरते. ‘पडे’ हे रूप मात्र अजून मला जुने वाटते, त्यामुळे या ओळीवरचे काम संपले, असे मी म्हणणार नाही. पहिल्या मसुद्यात ही ओळ मला सुचली नसती, हे मात्र खरे. ‘न पाणी’ला नकार दिल्यामुळे दुसरे काही शोधावे लागले आणि शोधताना ते पाऊल सापडले.

शब्द निवडतानाही हाच प्रश्न येतो. नागपूरचा माणूस स्वयंपाकघरात ‘सांबार’ म्हणतो आणि कवितेत मात्र ‘कोथिंबीर’ लिहितो, जणू घरातला शब्द कागदावर चढण्यास अपात्र आहे. ज्या शब्दाबरोबर आपल्याला वास, चव आणि माणसे आठवतात, तो शब्द सोडून प्रमाण शब्द घेण्यास सबळ कारण हवे. प्रमाण शब्द लयीत अधिक चांगला बसतो, हेही एक कारण होऊ शकते. लाज हे मात्र कारण होऊ शकत नाही.

आता यंत्रच लिहून देते, तर शिकायचे कशाला?

फोनवर विषय आणि वृत्त सांगितले की आठ ओळी क्षणात तयार मिळतात, त्यामुळे हा प्रश्न विचारणाऱ्या मुलांना मी दोष देत नाही. पण मिळालेल्या आठ ओळींतली कोणती ओळ एका मात्रेने अडखळते आणि कोणत्या ओळीत यमकाने बळेच राणी आणली, हे ठरवण्यासाठी वर सांगितलेले सगळे यावेच लागते. शिवाय ‘न पाणी’ खटकल्यावर स्वतःच्या आठवणीत परत जाऊन जे शोधावे लागते, ते त्या आठवणीच्या मालकाशिवाय दुसऱ्याला शोधता येत नाही. पोहण्याचे चित्रीकरण पाहून अंबाझरी तलाव ओलांडता येत नाही, तसेच हे आहे.

मुक्तछंदात तर नियमच नसतात ना?

नसतात, हा समज नवोदितांचे सर्वाधिक नुकसान करतो. मुक्तछंद म्हणजे ठरलेल्या साच्यातून मुक्त असलेला छंद. तो छंदातूनच मुक्त आहे, असा त्याचा अर्थ नाही. मूर्तिजापूरला जन्मलेल्या कवी अनिलांनी मराठीत मुक्तछंद रुजवला, आणि त्याच अनिलांनी पुढे दहा ओळींची बांधीव ‘दशपदी’ घडवली, जिला 1977 साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. बंधन कसे घ्यायचे आणि कसे सोडायचे, या दोन्ही गोष्टी एकाच कानाला येत होत्या.

साचा नसला की लय राखण्याची जबाबदारी दुसऱ्या कशावर तरी येते, आणि ती बहुतांशी ओळ कोठे तोडायची, यावर येते. एक गद्य वाक्य घेऊ: आई कूलरच्या टाकीत तिसऱ्यांदा पाणी ओतते, वाळ्याचा वास घरभर पसरतो आणि तिचा पदर मात्र कोरडा होत नाही. हे वाक्य तीन ठिकाणी एंटर दाबून तोडले, तर चार तुकडे मिळतील, कविता मिळणार नाही. मी ते असे लिहिले:

कूलरच्या टाकीत आई
तिसऱ्यांदा पाणी ओतते.
वाळ्याचा वास
घरभर.
तिचा पदर तेवढा
कोरडा होत नाही.

‘पसरतो’ हे क्रियापद गाळले, कारण ‘घरभर’ एकटा ठेवला की त्याच्याभोवतीची मोकळी जागाच पसरण्याचे काम करते. ‘आणि’ गेला, कारण तो दोन गोष्टींचा संबंध वाचकाच्या आधी जुळवून टाकत होता. ‘मात्र’च्या जागी आलेला ‘तेवढा’ ओळीच्या शेवटी आहे. तेथे आवाज थांबतो, आणि पदराचे काय झाले, हे कळण्यापूर्वी वाचकाला एक श्वास घ्यावा लागतो. ‘तिचा पदर’ येथेच ओळ तोडून ‘तेवढा’ पुढच्या ओळीत नेला तर काय बदलते, हे दोन्ही प्रकारे मोठ्याने वाचून पाहावे. मी पाहिले आहे, आणि ‘तेवढा’ वरच ठेवला आहे.